तोट्याच्या दुकानाची किंमत

इंदूरच्या दवाबाजारात ठोक औषधांचा व्यापार करणारे माझे एक जुने स्नेही आहेत. त्यांच्या पेढीचे हिशेब मी तीसेक वर्षे तपासले. आता सनदी लेखापालाचा व्यवसाय आटोपता घेतला असला, तरी घरोबा पूर्वीसारखाच आहे. दिवाळीच्या पाडव्याला ते दोन्ही मुलांना घेऊन आले, तेव्हा काखेतल्या जाडजूड फायलीकडे पाहूनच मी ओळखले की हे येणे केवळ फराळापुरते नाही.

फाईल होती एका चार वर्षांच्या कंपनीची. मोबाईलवरून औषधांची मागणी घ्यायची आणि माल घरपोच द्यायचा, हा तिचा व्यवसाय. बाहेरच्या गुंतवणूकदारांकडून तिने दोनदा भांडवल घेतले आहे आणि आजवर एकाही वर्षी तिला नफा झालेला नाही. आता ती विकायची आहे आणि मागणी आहे तीस कोटींची. थोरल्या मुलाच्या मते ती घ्यावी, धाकट्याच्या मते तिच्या वाटेला जाऊ नये. स्नेह्यांचा प्रश्न मात्र सरळ होता. "आमच्या वडिलांनी शेजारची पेढी घेतली, तेव्हा तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी काढली, मालाची मोजदाद केली, बुडीत उधारी वगळली आणि वर पागडी दिली. एका संध्याकाळी सौदा झाला. इथे नफ्याच्या जागी उणे चिन्ह आहे. उण्याला कितीने गुणले म्हणजे तीस कोटी होतात, तेवढे तुम्ही मला सांगा."

वाचकहो, हा प्रश्न एकट्या दवाबाजाराचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांची मुले, सुना, जावई बंगलोर, पुणे, हैदराबाद येथे अशाच कंपन्यांत नोकरीला आहेत, आणि त्यांच्या पगाराचा काही अंश रोख न मिळता कंपनीच्या शेअरांवरील हक्काच्या रूपाने कागदावर मिळतो. कंपनी विकली गेली म्हणजे त्या कागदाचे काय होते, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या महिन्यात नेहमीचे ठेवी आणि विमा यांचे विषय बाजूला ठेवून त्या फायलीविषयी लिहावे असे ठरविले.

प्रथम हे भांडवल कसले, ते पाहू. आजकाल त्याला साहसवित्त म्हणतात. ते कर्ज नसते, त्याला व्याज नसते, हप्ताही नसतो. साहसवित्त देणारा दहा कंपन्यांत पैसे घालतो तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक बुडतील हे त्याने गृहीतच धरलेले असते. एखाद-दुसरीने सगळ्यांची भरपाई करावी, एवढीच त्याची अपेक्षा. त्याच्या निधीलाही मुदत असते, बहुधा दहाएक वर्षांची. त्या मुदतीत त्याला पैसा मोकळा करून आपल्या ठेवीदारांना परत द्यावा लागतो. तेव्हा अशी कंपनी विक्रीस निघाली याचा अर्थ तिचे दिवाळे वाजले, असाच नेहमी नसतो. कधी धंदा बरा असतो, पण पैसा घालणाऱ्याचे घड्याळ पुढे गेलेले असते.

तोट्याचेही तसेच. आपल्या पिढीला तोटा म्हटला की आळस, उधळपट्टी किंवा दैव आठवते. या कंपन्यांत तोटा ठरवून केलेला असतो. प्रश्न एवढाच की तो कोठे होतो. मी फायलीतील ढिगारा बाजूला सारून एकाच मागणीचा हिशेब मांडला. सरासरी मागणी ५०० रुपयांची. किरकोळ विक्रेत्याचे कमिशन त्यावर १०० रुपये. गिऱ्हाइकाला दिलेली सवलत १५ टक्के, म्हणजे ७५ रुपये. पोचविण्याचा खर्च ४० आणि वेष्टन वगैरे १०. म्हणजे प्रत्येक मागणीमागे २५ रुपये पदरचे गेले. असल्या धंद्यात मागण्या दुप्पट झाल्या तर तोटाही दुप्पट होतो, आणि "वाढलो की नफा होईल" हे विक्रेत्याचे आश्वासन व्यर्थ ठरते. याउलट, प्रत्येक मागणीमागे चार पैसे उरत असतील आणि केवळ कचेरीचा, संगणकतज्ज्ञांचा, नव्या शहरांत पाय रोवण्याचा खर्च भारी असेल, तर तो तोटा निराळ्या जातीचा. पहिला तोटा सवयीचा, दुसरा वाढीचा. ताळेबंदात मात्र दोन्ही एकाच ओळीत, एकाच कंसात बसलेले असतात.

थोरल्या मुलाने येथे मला अडविले. "काका, ब्लिंकिटलाही सगळे असेच म्हणत होते." त्याचे म्हणणे खरे होते, आणि ते प्रकरण मुळातून पाहण्यासारखे आहे.

ग्रोफर्स नावाची किराणा घरपोच देणारी कंपनी २०१३ च्या डिसेंबरात अलबिंदर धिंडसा आणि सौरभ कुमार यांनी काढली. जपानच्या सॉफ्टबँकेसारख्या बड्या गुंतवणूकदारांनी तिच्यात पैसा ओतला. २०२१ मध्ये तिने दहा मिनिटांत माल पोचविण्याचा पण केला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ब्लिंकिट हे नाव घेतले. त्यासाठी वस्तीवस्तीत लहान गोदामे उघडावी लागतात. तेथे गिऱ्हाईक पाऊल ठेवत नाही, आत फक्त माल वेचणारी मुले असतात. पैसा वेगाने जाऊ लागला. हॉटेलातील जेवण घरी पोचविणाऱ्या झोमॅटो कंपनीने २०२१ मध्येच तिच्यात सुमारे दहा कोटी डॉलर गुंतवून थोडा हिस्सा घेतला होता, आणि त्या वेळी ब्लिंकिटची किंमत एक अब्ज डॉलरांच्या वर मानली गेली. २०२२ च्या मार्चमध्ये झोमॅटोने तिला १५ कोटी डॉलरांपर्यंत कर्ज देऊ केले. आणि २४ जून २०२२ रोजी झोमॅटोच्या संचालक मंडळाने ती विकत घेण्याचा ठराव केला. किंमत सुमारे ४,४४७ कोटी रुपये, म्हणजे ५७ कोटी डॉलरांच्या आसपास. वर्षाच्या आत किंमत जवळजवळ निम्मी झाली.

दोन गोष्टींकडे वाचकांनी लक्ष द्यावे. एक म्हणजे, खरेदीदार आधी लहान भागधारक म्हणून आणि मग सावकार म्हणून घरात शिरला होता. सोयरीक जुळविण्यापूर्वी वर्षभर माजघरात ये-जा असावी, तसे ते होते. बाहेरून कळणार नाहीत अशा गोष्टी त्याला कळत होत्या. दुसरी गोष्ट अशी की, विकणाऱ्याला दुसरीकडे पैसा मिळणे कठीण झाले होते. २०२२ साली जगभर व्याजाचे दर चढू लागले आणि साहसवित्ताचा ओघ आटला. ज्याच्या तिजोरीत अठरा महिन्यांचा खर्च आहे तो भाव करतो. ज्याच्याकडे तीन महिन्यांचा आहे तो भाव ऐकतो. फायलीत मी पहिल्यांदा शोधतो ती ही महिन्यांची संख्या.

झोमॅटोने भागधारकांना जे आकडे दिले ते अभ्यासण्याजोगे आहेत. २०२२ च्या मे महिन्यात ब्लिंकिटवर सुमारे ७९ लाख मागण्या आल्या, सरासरी ५०९ रुपयांच्या. म्हणजे महिन्याला ४०० कोटींहून थोडा अधिक माल. आता शेअरबाजाराला कळविलेली २०२१-२२ या अख्ख्या वर्षाची उलाढाल पाहा: सुमारे २६३ कोटी! एका महिन्याला ४०० कोटी आणि वर्षाला २६३ कोटी, हा चमत्कार कसा? आपल्या मंडीतील अडत्याला विचारा, तो हसेल. त्याच्या ओट्यावरून दिवसाला लाखोंचा सोयाबीन जातो, पण त्याची मिळकत म्हणजे अडत. विक्रेता नेहमी मालाचा आकडा मोठ्याने सांगतो आणि अडतीचा हळू. खरेदीदाराने उलट ऐकायला शिकावे.

तिसरा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्लिंकिटचा चालू व्यवहारातील महिन्याचा तोटा जानेवारी २०२२ मध्ये सुमारे २०४ कोटी होता, तो मे महिन्यात ९३ कोटींच्या घरात आला. तोटा किती, यापेक्षा तो कोणत्या दिशेने चालला आहे आणि कशामुळे, हे पाहायचे असते.

तरीही बाजाराला तो सौदा रुचला नाही. झोमॅटोने किंमत रोख न देता आपले नवे शेअर देऊन चुकती केली: सुमारे ६२.८५ कोटी शेअर, प्रत्येकी ७०.७६ रुपये धरून. जुलैअखेर झोमॅटोचा भाव पन्नाशीखाली घसरला. काही जुन्या भागधारकांवरील विक्रीबंदीची मुदत त्याच सुमारास संपली, हेही एक कारण होते. ज्यांनी ब्लिंकिट विकली, त्यांची किंमत सौदा पुरा होण्याआधीच कागदावर तिसऱ्या हिश्शाहून अधिक उतरली. शेअरांच्या मोबदल्यात केलेली विक्री ही विक्री नव्हे, ती भागीदारी आहे, हे येथे दिसते. खरेदीदाराने हे चलन निवडून आपली रोकड वाचविली आणि धोका विकणाऱ्यांशी वाटून घेतला.

पुढचा इतिहास थोरल्याच्या बाजूचा आहे. २०२४ च्या मार्चमध्ये ब्लिंकिटने चालू व्यवहारापुरता तोटा प्रथमच भरून काढला. त्या वर्षीच्या ऑगस्टात झोमॅटोचा शेअर अडीचशे रुपयांपलीकडे गेला. २०२५ मध्ये मूळ कंपनीने इटर्नल असे नाव घेतले, आणि त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या तिमाहीत मालाच्या मूल्यात ब्लिंकिटने जेवण पोचविण्याच्या जुन्या धंद्यालाही मागे टाकले. मधल्या काळात नवी गोदामे झपाट्याने उघडल्यामुळे तोटा पुन्हा डोकावून गेला, तो भाग थोरल्याने सांगितला नाही. मी सांगितला.

धाकटा आतापर्यंत गप्प होता. त्याने एकच शब्द उच्चारला: "फ्रीचार्ज." मोबाईलचे पैसे भरण्याची सोय करून देणारी ही कंपनी स्नॅपडीलने २०१५ च्या एप्रिलमध्ये घेतली. त्या वेळी प्रसिद्ध झालेली किंमत ४० कोटी डॉलरांच्या सुमारास होती. दोन वर्षे उलटली आणि २०१७ च्या जुलैमध्ये ॲक्सिस बँकेने तीच कंपनी ३८५ कोटी रुपयांना घेतली. त्या वेळच्या दराने ते जेमतेम सहा कोटी डॉलर भरतात. कंपनी तीच, गिऱ्हाइके कोट्यवधी. मग बदलले काय? पैसे भरणाऱ्याला थोडे पैसे परत देण्याची लालूच दाखवून जमविलेले गिऱ्हाईक त्याहून मोठी लालूच दाखविणाऱ्याकडे निघून जाते. आणि विकणारा, म्हणजे स्नॅपडील, तेव्हा स्वतःच अडचणीत होता. फ्लिपकार्टशी त्याच्या विलीनीकरणाची बोलणी चालू होती, ती त्याच महिन्याच्या अखेरीस मोडली. बँकेने मात्र स्वस्तात सौदा साधला, कारण तिला हवे असलेले तंत्र आणि माणसे नव्याने उभी करायला लागणारा काळ वाचला.

दोघां भावांची उदाहरणे दोन्ही खरी. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी फाईल आठ दिवस ठेवून घेतली.

आता जो भाग मी लिहिणार आहे तो नोकरदार मुलामुलींच्या आईवडिलांनी सावकाश वाचावा. या कंपनीत गुंतवणूकदारांनी दोन फेऱ्यांत मिळून १८ कोटी घातले. पहिल्या फेरीत तीन कोटी, दुसरीत पंधरा. दुसऱ्या फेरीत १५ कोटींना एक तृतीयांश हिस्सा घेतला, म्हणून कंपनी ४५ कोटींची झाली, असे सांगण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. गुंतवणूकदाराने घेतलेला शेअर आणि संस्थापकाचा शेअर हे एकाच जातीचे नसतात. पहिल्याला अग्रहक्क जोडलेला असतो: कंपनी विकली गेली तर आधी माझे घातलेले पैसे मला परत, मग बाकीच्यांचे. श्रीखंडाच्या भावाने ताकाची घागर मोजावी तसा तो ४५ कोटींचा हिशेब आहे.

या कंपनीत गुंतवणूकदारांचा हिस्सा ६० टक्के, दोघा संस्थापकांचा २८ आणि नोकरवर्गासाठी राखलेला १२. कंपनी ३० कोटींना विकली गेली तर ६० टक्क्यांप्रमाणे गुंतवणूकदारांचे १८ कोटी होतात आणि सर्वांना टक्केवारीप्रमाणे मिळते. मागणी नेमकी तीस कोटींची का, हे तेथे उलगडले. तीच २० कोटींना गेली, तर १८ कोटी गुंतवणूकदार उचलतात, उरतात दोन. त्यांत नोकरवर्गाच्या वाट्याला साठ लाख. टक्केवारी धरून बसलेल्यांनी दोन कोटी चाळीस लाखांची स्वप्ने पाहिलेली असतात. आणि १५ कोटींना गेली तर संस्थापक आणि नोकरवर्ग यांच्या हाती शून्य. काही करारांत याहून कडक अट असते: आधी घातलेले पैसे घ्यायचे आणि उरलेल्यातही पुन्हा टक्केवारीने वाटा घ्यायचा.

माझ्या एका पुतणीने बंगलोरच्या अशाच एका कंपनीत पाच वर्षे काढली. मिळालेले हक्क वापरून तिने बचतीतून शेअर घेतले, आणि ते घेतेवेळी कागदावर दिसणाऱ्या लाभावर प्राप्तिकरही भरला. पुढे कंपनी विकली गेली. वर्तमानपत्रात कोटींचा आकडा आला, माझ्या वहिनींनी शेजारी पेढे वाटले. तीन आठवड्यांनी पत्र आले की सामान्य भागधारकांना देण्यासारखी रक्कम शिल्लक राहत नाही. भरलेला कर गेला तो गेलाच. वहिनी आजही तो विषय निघाला की उठून आत जातात. नोकरी धरताना या मुलांनी एकच विचारावे: "माझ्या शेअरांपुढे रांगेत किती रुपये उभे आहेत?" उत्तर देणे टाळले गेले, तर त्या कागदाची किंमत पगाराच्या हिशेबात धरू नये.

पण खरेदीदारानेही हे का पाहावे? पैसा कोणाला जातो, याच्याशी त्याला काय कर्तव्य? कर्तव्य आहे. अशा कंपनीत यंत्रे नसतात, जागा भाड्याच्या असतात. जे विकत घ्यायचे ते म्हणजे चार कामाची माणसे आणि त्यांनी जोडलेली गिऱ्हाइके. त्या माणसांच्या हाती शून्य आले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कशासाठी येतील?

फायलीतील आणखी दोन गोष्टींचा थोडक्यात उल्लेख करतो. एक करांची. "एवढा साचलेला तोटा आहे, तो तुमच्या नफ्यातून वजा होईल, कर वाचेल," असे दलाल सांगतात. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ७९ प्रमाणे, शेअरबाजारात नोंद नसलेल्या खासगी कंपनीचे ४९ टक्क्यांहून अधिक मतदानहक्क नव्या हातांत गेले, की जुना तोटा सर्वसाधारणपणे पुढे ओढता येत नाही. २०२५ च्या नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. शिवाय तो तोटा त्या कंपनीचा, आपल्या पेढीचा नव्हे. तेव्हा कर वाचेल म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नये. दुसरी गोष्ट परवान्याची. औषधविषयक १९४५ च्या नियमांनुसार कंपनीच्या निम्म्याहून अधिक मतदानहक्काची मालकी बदलली, तर परवानाधारकाची घटना बदलली असे धरतात. जुना परवाना फार तर तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा काढावा लागतो. ही गोष्ट दवाबाजारातील माणसाला मी सांगण्याची गरज नव्हती. विक्रेत्याच्या वकिलाने मात्र ती कोठेही लिहिली नव्हती.

आता किमतीकडे येतो. शेवटच्या फेरीचा भाव बाद. मालाच्या उलाढालीची पट बाद, कारण तिच्यात तोट्याने जमविलेली मागणीही मोजलेली असते. मला फाईलच्या शेवटी एक कागद सापडला, जो विक्रेत्याने बहुधा नजरचुकीने जोडला असावा. पैसे वाचविण्यासाठी कंपनीने शहराच्या एका भागात तीन महिने १५ टक्क्यांची सवलत ५ टक्क्यांवर आणून पाहिली होती. शंभरांतली एकोणसाठ गिऱ्हाइके गेली. विक्रेत्याला हे अपयश वाटले असेल. मला मात्र राहिलेली एक्केचाळीस महत्त्वाची वाटली. त्यांच्या नोंदी पाहिल्या, तर बहुतेक घरांत मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण होता. दर महिन्याला तीच औषधे, मागणी सरासरी १,२०० रुपयांची, आणि मागविणारा पुष्कळदा दुसऱ्या गावी असलेला मुलगा किंवा मुलगी. म्हातारा बाप दुकानापर्यंत जाऊ शकत नाही, म्हणून ही मागणी येते. ती सवलतीने आलेली नाही आणि सवलतीने जाणारही नाही.

सगळ्या शहरांत मिळून अशी घरे नऊ हजारांच्या आसपास निघाली. १,२०० रुपयांवर कमिशन २४०, सवलत ६०, पोचविणे आणि वेष्टन ५०, म्हणजे उरतात १३० रुपये. वर्षाचे झाले १ कोटी ४० लाख. एकट्याने धंदा करणाऱ्या कंपनीला हे पुरत नाही, तिचा कचेरीखर्चच त्याच्या तिप्पट आहे. पण माझ्या स्नेह्यांकडे गोदाम आहे, खरेदी करणारी माणसे आहेत, आणि त्याच मालावर ठोक व्यापाऱ्याचे आठ टक्के त्यांना वेगळे सुटतात, ते एक कोटी. दोन्ही मिळून २ कोटी ४० लाख. संगणकाचे काम सांभाळणाऱ्या मुलांवर एक कोटी खर्च धरला, तर वर्षाला एक कोटी चाळीस लाख राहतात. ते किती वर्षे टिकतील याचा धोका धरून सहा-साडेसहा पटीने मोजले, तर नऊ कोटी. तिसऱ्या कोणाच्या हातात याच कंपनीची किंमत शून्य असेल आणि एखाद्या बड्या औषधविक्रेत्याच्या हातात पंधरा. कंपनी तोट्यात असते तेव्हा तिची किंमत तिच्यात कमी आणि घेणाऱ्यात जास्त असते.

"पण त्यांना पंधरा देणारा कोणी आला तर?" थोरल्याने विचारले. हीच भीती मोठमोठ्यांना असते. गूगलने २००६ मध्ये यूट्यूब १.६५ अब्ज डॉलरांचे शेअर देऊन घेतली. पुढे एका खटल्यातील साक्षीत गूगलचे तत्कालीन प्रमुख एरिक श्मिट यांनी सांगितले की त्यांचा स्वतःचा अंदाज साठ-सत्तर कोटी डॉलरांचाच होता. वरची रक्कम दुसरे गिऱ्हाईक नेऊ नये म्हणून दिली. ते गूगलला परवडले आणि फळलेही, म्हणून ते शहाणपण ठरले. दवाबाजारातल्या पेढीने सहा कोटी जास्त दिले आणि ते फळले नाहीत, तर घर गहाण पडेल. त्या सौद्यातून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे: गूगलने दिलेल्या शेअरांपैकी साडेबारा टक्के एक वर्ष त्रयस्थाच्या ताब्यात राखून ठेवले, मागाहून काही देणी किंवा दावे उद्भवले तर त्यांची सोय म्हणून. आणि दुसऱ्याच वर्षी व्हायाकॉम कंपनीने प्रताधिकारभंगाबद्दल एक अब्ज डॉलरांचा दावा लावला.

शेवटी आम्ही चौघांनी मिळून प्रस्ताव लिहिला तो असा. एकूण नऊ कोटी, रोख. त्यांपैकी साडेसहा कोटी गुंतवणूकदारांना तात्काळ. त्यांचाच एक कोटी वर्षभर राखून ठेवायचा, थकलेली बिले किंवा कराची नोटीस निघाली तर त्यातून भागवायची. आणि दीड कोटी संस्थापक व नोकरवर्ग यांच्यासाठी, दोन वर्षे राहिले तर हप्त्याहप्त्याने. करार पाहता या दीड कोटीवर त्यांचा काडीचा हक्क नाही. गुंतवणूकदारांनी आपल्या अग्रहक्कातून तेवढी रक्कम सोडली तरच ती देता येईल, म्हणून त्यांच्या सहीची अट घातली. थोरल्याला रक्कम फार कमी वाटली. धाकट्याला दीड कोटीचे कलम अनाठायी वाटले. ते त्याच्या वडिलांनी ठेवायला लावले.

कंपनीच्या दोघा संस्थापकांपैकी एकजण मागच्या आठवड्यात इंदूरला येऊन गेला. वय एकतीस. दोन दिवस तो पेढीवर बसला, हमालांबरोबर चहा प्यायला, आणि मालाच्या याद्या कशा लावतात ते वहीत टिपत होता. जाताना त्याने स्नेह्यांना एवढेच सांगितले की त्याच्याकडे सव्वीस माणसे आहेत आणि मार्चअखेरपर्यंतच्या पगाराची सोय आहे. गुंतवणूकदारांची बैठक मुंबईत व्हायची होती. हा मजकूर छापखान्याकडे देईपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नाही.